हँडलवरचं पिवळं तोरण

फेब्रुवारी सरत आला की आमच्या डहाणूत रस्त्याच्या कडेला ताडगोळे दिसायला लागतात. चिकूच्या वाड्यांतून भरलेल्या पाट्या निघतात, किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास वाऱ्यावर बसून थेट बाजारापर्यंत येतो, आणि सकाळी साडेसातच्या सुमाराला दहावीच्या मुली तोंडातल्या तोंडात व्याख्या पुटपुटत सायकलवरून शाळेकडे जातात. या सगळ्या गोष्टी मला मनापासून आवडायच्या. अजूनही आवडतात. फक्त हल्ली पाठीमागून सायकलची घंटी वाजली की मी दचकतो. माझ्या वयाचा आणि माझ्या घेराचा माणूस दचकला की ते दृश्य प्रेक्षणीय होतं, हे मला ठाऊक आहे. मुली हसतात. त्यांनी हसावं. मी मात्र वळून आधी हँडल बघतो, त्यावर काही बांधलंय का ते बघतो, आणि मग पुढे चालायला लागतो.

तीन-चार वर्षांपूर्वीचा तो मोसम. फूटपाथ नवा कोरा होता. त्याआधी आमच्या त्या रस्त्याला कडा नव्हतीच. डांबर जिथे संपायचं तिथे गटार सुरू व्हायचं, आणि दोघांच्या मधल्या वितभर जागेत आम्ही चालायचो. मग एके दिवशी लाल-करड्या ठोकळ्यांचा रुंद फूटपाथ झाला, नरपड गावाच्या बाजूने रस्ता शहरात शिरतो तिथपासून थेट शाळेच्या फाटकापर्यंत. पहिला आठवडा आम्ही त्यावर लग्नाच्या स्वागत समारंभात चालावं तसे चाललो. मी तर पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बायको म्हणाली, फिरायला चाललात की उद्घाटनाला. मी म्हटलं, उद्घाटन कोणी केलं नाही, तेव्हा आपणच करून टाकू.

आमचं सकाळचं एक मंडळ होतं. सात-आठ जण. कोणी रेल्वेतून निवृत्त, कोणी बँकेतून, एक तलाठी, आणि नोकरीत असलेला मी एकटा. फूटपाथच्या टोकाला कांतीभाईंची चहाची टपरी. त्यांची मराठी बोलता बोलता मधेच गुजरातीत शिरायची आणि आपण परक्या घरात आलोय हे लक्षात न येता तिथेच बसून राहायची. टपरीच्या दारावर दिवाळीतलं प्लास्टिकच्या पिवळ्या झेंडूंचं तोरण बारा महिने लटकत असायचं. चालणं हे निमित्त. खरी बैठक त्या तोरणाखाली भरायची, आणि तिथे बोलायचं काम माझं.

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो. दिवसभर लोकांची दुःखं माझ्या हातून जातात आणि मी त्यांच्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारतो. एवढं मुकं काम करणाऱ्या माणसाला कुठेतरी बोलायला लागतंच. गणपतीत सूत्रसंचालन माझं, लग्नात उखाण्यांची जुळवाजुळव माझी, निरोप समारंभात ज्याला निरोप द्यायचा त्याची नक्कल माझी. हे व्यसन मला शाळेत लागलं. सामंत सरांनी नाटक बसवलं होतं आणि मला झाडाचं काम दिलं होतं. हातात दोन फांद्या घेऊन गप्प उभं राहायचं. दुसऱ्या अंकात राजाचं काम करणारा मुलगा वाक्य विसरला, आणि झाड बोललं. त्याचं वाक्य म्हटलं, मग त्यापुढचं म्हटलं, मग जे लिहिलेलंच नव्हतं तेही म्हटलं. प्रेक्षक हसून लोळले. सरांनी नंतर माझा कान धरला, पण तेही हसत होते. त्या हसण्याची चव अजून जिभेवर आहे. सगळा घोटाळा त्या चवीचा आहे.

तर फूटपाथ. आम्ही त्यावर रुळतो न रुळतो तोच त्यावर सायकली आल्या.

नरपडच्या मागच्या पाड्यांवरून मुली शाळेत यायच्या. पाच-सहा किलोमीटर. शाळेतून त्यांना सायकली मिळालेल्या, सगळ्या एकाच साच्यातल्या: निळा रंग, काळा कॅरियर, पुढे जाळीची टोपली. त्या वर्षी रस्त्यावरून भरावाच्या मातीचे डंपर दिवसरात्र धावत होते. डंपरवाला इतका उंच बसतो की त्याला सायकलवरची मुलगी दिसत नाही. दिसला तर तिच्या डोक्यावरचा रिबिनीचा गोंडा दिसेल. आयांनी मुलींना बजावलं, कडेच्या लादीवरून जा. मुली लादीवरून जाऊ लागल्या. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पण गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या, मोतीबिंदू काढलेल्या, एका कानाने कमी ऐकणाऱ्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा एक सुरक्षित पट्टा मिळाला होता, आणि त्यावर मागून चाकं यायला लागली होती. त्यांचंही चुकत नव्हतं. मुलींनी घंटी वाजवली की रेल्वेवाले दचकून गटाराच्या बाजूला उडी घ्यायचे. नाही वाजवली तर हँडल कोपराला घासून जायचं. मी दोन्हींच्या नकला करायचो. घंटीसाठी चमचा आणि कप पुरायचा.

आणि मग ती फेब्रुवारीतली सकाळ. मुलींची सराव परीक्षा चालू होती. मी फूटपाथवर ताडगोळेवालीजवळ थांबलो होतो. ती सराईत हाताने कोयता फिरवत फळ फोडत होती, आणि आदल्या दिवशी वरोरला कोणाच्या जाळ्यात केवढा मासा आला होता ते मी तिला दाखवत होतो. सामंत सर माझ्या मागून काठी टेकत येत होते. वय पंचाहत्तरीच्या आसपास, पण पाठ ताठ. मागे धडाम असा आवाज आला. मी वळलो, तर सर बसलेले, चष्मा एकीकडे, काठी दुसरीकडे, आणि एक निळी सायकल आडवी. सायकलीजवळ एक बुटकी, जाड भिंगांच्या चष्म्याची मुलगी. तिने आधी सरांचा चष्मा उचलला, मग काठी उचलली, मग म्हणाली, "आजोबा, लागलं का?" सर म्हणाले, "जा तू. पेपरला उशीर होईल." ती गेली. सरांचा गुडघा सोलवटला होता आणि आत सुजत होता. त्यांना रिक्षात घालून घरी पोहोचवलं. पुढे तीन आठवडे त्यांचं फिरणं बंद झालं.

एवढंच घडलं. हे मी तुम्हाला जसं सांगितलं तसं त्या दिवशी सांगितलं असतं, तर हा लेख लिहावा लागला नसता.

त्या दिवशी टपरीवर सगळे अस्वस्थ होते. सर सर्वांचे लाडके. काय झालं, कसं झालं, सांगा ना नीट. मी सांगायला लागलो. "जा तू, पेपरला उशीर होईल" हे वाक्य मी सुरुवातीलाच गाळलं. मुद्दाम नाही हो. गोष्ट चढत असताना तिथे येऊन ती एकदम बसायची. ज्याला धडक बसली त्यानेच माफ केलं, तर ऐकणाऱ्याने रागवायचं कशावर? मग काठी उचलून देणंही आपोआप गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार जण ऐकायला आले, तेव्हा मुलगी घंटी न वाजवता आली. तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, पण ओळखायची कशी, सायकली तर सगळ्या सारख्याच. प्रश्न रास्त होता. गोष्टीत एक खूण हवी होती. मी मान वर केली, समोर कांतीभाईंच्या दारावरचं तोरण वाऱ्यावर हलत होतं, आणि मी म्हणालो, हँडलला पिवळ्या झेंडूचं तोरण बांधलं होतं हो, प्लास्टिकचं.

बोलताना मला फार बरं वाटलं. त्या एका तोरणाने मुलगी डोळ्यांसमोर उभी राहिली. ऐकणाऱ्यांच्या आणि माझ्याही. चौथ्या दिवशी ती मागे वळून हसली. पाचव्या दिवशी हसून म्हणाली, "नीट चाला ना, म्हातारबा." तिचा आवाज मी नाकातून काढायचो. कप-चमच्याची घंटी, सरांचं कोसळणं, तोरणाचं भिरभिरणं, आणि मग ते वाक्य. पाच मिनिटांचा ऐवज. शेजारच्या बाकांवरची माणसं सरकून जवळ यायची. कोणीतरी ते मोबाईलवर उतरवून घेतलं आणि ते सगळीकडे फिरलं. कचेरीत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून करून दाखवायला लावलं. मी केलं. साहेब हसता हसता टेबलावर हात मारत होते.

माणसाचा ऊर भरून येतो अशाने.

मग बोर्डाची परीक्षा सुरू झाली. पेपर अकराला, पण शाळेत उजळणीसाठी मुली सकाळी आठलाच जमायच्या. दुसऱ्या की तिसऱ्या पेपरची सकाळ. आमचं मंडळ ताडगोळेवालीच्या अलीकडे थांबलेलं दिसलं. मी उशिरा पोहोचलो होतो. घोळक्यात एक निळी सायकल होती, आणि तिच्या हँडलला प्लास्टिकच्या पिवळ्या झेंडूंचं तोरण.

मी शपथेवर सांगतो, क्षणभर मला वाटलं, अरे, सापडली. आपण रचलेली गोष्ट इतक्यांदा सांगितली की आपल्यालाच ती आठवायला लागते. मग मी मुलीकडे बघितलं. उंच, काटकुळी, चष्मा नाही. ही ती नव्हती. हिला मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सायकल मिळाली त्या वर्षी दसऱ्याला तिने तोरण बांधलं होतं, आणि ते कोमेजणारं नसल्यामुळे तसंच राहिलं होतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की रेल्वेवाल्यांनी तिच्या हँडलवर हात ठेवलाय, तिने शाळेचं दप्तर पोटाशी धरलंय, आणि ती जमिनीकडे बघत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणतेय.

"मी नव्हते तिथे."

"सगळ्याच असं म्हणतात," रेल्वेवाले म्हणाले. मग मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "हे आले बघा. यांनी स्वतः पाहिलंय. हीच ना हो?"

सगळे माझ्याकडे वळले. ताडगोळेवालीसुद्धा. तिने सरांना पडताना पाहिलं होतं, चष्मेवालीलाही पाहिलं होतं, पण तिला कोणी काही विचारलं नव्हतं. कोयता हातात तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द आहे. तो म्हटला असता तर पुढचा प्रश्न आला असता, मग तोरण कुठून आलं? आणि मग हसणं कुठून आलं, म्हातारबा कुठून आलं? माझा पाच मिनिटांचा ऐवज तिथे फूटपाथवर उसवला असता. मी एक पाऊल पुढे झालो, हात जरा वर उचलला, आणि अत्यंत समजूतदार आवाजात म्हणालो, "जाऊ द्या. परीक्षा आहे तिची. झालं गेलं. पुन्हा असं करू नकोस, बाळ."

म्हणजे जे तिने केलंच नव्हतं, त्याची मी तिला माफी दिली.

तिने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सायकलवर न बसता ती हाताने ढकलत गेली, तोरण हँडलवर हलत होतं. मंडळी माझ्यावर खूश झाली. मन मोठं लागतं, असं तलाठी म्हणाले. कांतीभाईंनी चहाबरोबर खारी दिली. ताडगोळेवालीने मान खाली घातली आणि पुढचं फळ फोडलं.

माझी बायको शुभा त्याच शाळेत शिकवते. घरी ती मोजकं बोलते. घरातलं बोलणं मी संपवून टाकतो असं तिचं म्हणणं. तीन-चार दिवसांनी जेवताना ती म्हणाली, वनिता म्हणून एक मुलगी आहे, ती हल्ली पाड्यावरून चालत येते. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. आज उजळणी बुडाली, पेपरलाही सगळ्यात शेवटी पोहोचली, घामाने कागद ओले झाले. सायकल काय झाली विचारलं, तर म्हणे रस्त्यावर आई जाऊ देत नाही आणि लादीवर माणसं धरतात.

मी भातावर आमटी घेतली. मग आणखी घेतली.

"अहो," शुभा म्हणाली, "तुमच्या गोष्टीतली ती हसणारी मुलगी. तिचं नाव कळलं का कधी?"

मी म्हटलं, नाही. तेवढं तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सामंत सर तीन आठवड्यांनी फिरायला आले. गुडघ्याला पट्टा, चाल मंद. मी त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून चालत होतो. त्यांच्या नातवाने त्यांना मोबाईलवर माझा कार्यक्रम दाखवला होता. ताडगोळेवालीपाशी आल्यावर ते थांबले, दोन्ही हात काठीवर ठेवले आणि म्हणाले, "श्रीकांत, ती पोरगी हसली कधी रे?"

मी ताडगोळेवालीच्या कोयत्याकडे बघायला लागलो.

"आणि मी तिला जा म्हटलं होतं. तू इथेच होतास."

"गोष्ट जरा रंगवली, सर."

"ती का धडकली, ते तरी सांगितलंस का लोकांना?" त्यांनी काठीने माझ्या पायांजवळची लादी दाखवली. "तू या इथे मधोमध उभा होतास, हात असे पसरून. मासा दाखवत होतास केवढा तरी. तुझा हात चुकवायला ती वळली आणि माझ्यावर आली."

इतके दिवस माझ्या गोष्टीत सगळे होते. सर होते, मुलगी होती, घंटी होती, तोरण होतं. मी कुठे उभा होतो हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी त्यांना वनिताचं सगळं सांगितलं, माफीसकट. सर ऐकत होते. मला वाटलं, कान धरतील. धरला असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "झाडाचं काम दिलं होतं तेव्हा तू बोललास. आणि परवा बोलायचं होतं, तर झाड झालास." मग म्हणाले, "अजून दोन पेपर राहिलेत तिचे. चल."

आम्ही आधी टपरीवर गेलो. मी बसलो नाही, उभाच राहिलो. म्हटलं, ऐका, मी खोटं बोललो. तोरण नव्हतं. हे वरचं तोरण बघून बोललो. मुलगी हसली नाही, काही बोलली नाही, तिने काठी उचलून दिली. ती धडकली ती माझ्यामुळे. ज्या मुलीला आपण धरलं ती तिथे नव्हतीच.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग रेल्वेवाले खो खो हसायला लागले, आणि त्यांच्या पाठोपाठ बाकीचे. "वा," तलाठी म्हणाले, "शेवट बदललात या वेळी." कांतीभाई चहा गाळायचं थांबले होते, त्यांनी मान डोलावली. "साहेब, पेला करतां पण सरस." म्हणजे आधीपेक्षाही झकास. मी म्हटलं, अहो, मी खरं सांगतोय. ते आणखी हसले, कारण माझा चेहरा तेव्हा म्हणे अगदी बघण्यासारखा झाला होता. सरांनी काठी आपटली, खरं आहे हे, असं सांगितलं. तर सगळे म्हणाले, सरांनासुद्धा घेतलंत का नाटकात.

माणसं वाईट नव्हती. चाळीस वर्षं मी त्यांना हसायला शिकवलं होतं. ती शिकली होती, एवढंच.

दुपारी सहा आसनी रिक्षाने आम्ही पाड्यावर गेलो. रिक्षा सोडल्यावर थोडं चालावं लागलं, सर मधे दोनदा थांबले. कुडाच्या भिंतीला टेकून निळी सायकल उभी होती. कॅरियरवर कोंबडी बसली होती. हँडलला नुसता दोरा. वनिता आंब्याच्या सावलीत भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती; मला बघताच उठली आणि घराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिची आई उंबऱ्यात भात पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

मी हात खिशात कोंडले. ते बाहेर असले की बोलणं त्यांच्या ताब्यात जातं. जे होतं ते सरळ सांगितलं. मध्येच एका ठिकाणी आवाज जरा भरून यायला लागला, आणि तो खरा आहे की सवयीचा हे मलाच कळेना, म्हणून मी थांबलो, घसा खाकरला आणि कोरडेपणाने पुढचं सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग लोकांना सांगितलं का?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"मंग?"

"हसले," मी म्हटलं.

तिने सूप पुन्हा उचललं.

वनिता इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग मला दिसला नाही. गणितात कुठली पायरी चुकली ते शोधताना मुलांचा होतो, तसा चेहरा. "पण माझं तोरण तुम्ही कुठे बघितलंत?" तिने विचारलं.

"तुझं नाही बघितलं. चहाच्या टपरीवर आहे, ते बघून बोललो."

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "मला न बघताच?"

मी हो म्हटलं. याहून वाईट काही मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

सर म्हणाले, आता कोणी अडवणार नाही, मी उभा राहतो, तू सायकलवरून ये. ती म्हणाली, "नको. दोनच राहिलेत. चालत जाईन." सांगितलं आणि पुस्तक घेऊन पुन्हा आंब्याखाली जाऊन बसली.

भूगोलाच्या दिवशी मी पहाटेच उठून पाड्याच्या वाटेवर स्कूटर घेऊन उभा राहिलो. ती स्कूटरवर बसली नाही. मी स्कूटर तिथेच लावली आणि तिच्या मागून दहा पावलं अंतर ठेवून चालायला लागलो. का, ते सांगता येत नाही. कोणी काही म्हणालं तर आपण आहोत, असं काहीतरी मनात असेल. ती भरभर चालत होती. डंपर गेला की ओढणी नाकाला लावायची, धूळ बसली की पुन्हा चालायची. माझी दमछाक झाली, दहाची वीस पावलं झाली, वीसची पन्नास. फूटपाथ लागला. समोरून आमचं मंडळ येत होतं. रेल्वेवाले, तलाठी, सगळे. वनिता त्यांच्या शेजारून गेली, अगदी हाताच्या अंतरावरून, आणि त्यांनी तिला बाजू दिली. सायकल नव्हती, तोरण नव्हतं, तर तिला कोणी ओळखलंच नाही. त्यांनी मला हात केला. काय साहेब, आज लांब मारलीत मजल.

ती पास झाली. शुभाने सांगितलं. पुढे कासाच्या बाजूला कुठेशी शिकते, जीपने जाते-येते, तेही शुभाकडूनच कळलं. मी विचारत नाही. आपल्या समाधानासाठी तिची बातमी ठेवून घ्यावी असा माझा हक्क नाही.

फूटपाथच्या दोन्ही तोंडांना आता लोखंडी खांब आहेत. कोणीतरी अर्ज केला होता; सोबत माझ्या त्या कार्यक्रमाचा हवाला होता असं ऐकतो. खांबांच्या मधून माणूस जातो, सायकल जात नाही. मोठ्या मुली डंपरच्या बाजूने जातात. लहान मुलं सायकल तिरकी करून खांबांतून काढतात आणि विजयी मुद्रेने घंटी वाजवत येतात. कोणी दचकतं, कोणी शिव्या घालतं. मीही दचकतो. चालताना आता फूटपाथच्या एका कडेने चालतो, आणि कोणाशी बोलायला थांबलो तर हात मागे बांधतो. शुभा म्हणते, वय झाल्यासारखे दिसता.

आज सकाळी टपरीवर एक नवे गृहस्थ आले होते. नुकतेच निवृत्त होऊन डहाणूला स्थायिक झालेले, हौशी, हसरे. त्यांनी माझ्याबद्दल ऐकलं होतं. सामंत सर बाकाच्या टोकाला चहा घेत होते. नव्या गृहस्थांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, ती सायकलवाल्या मुलीची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायची आहे. कांतीभाईंनी लगेच कप आणि चमचा माझ्या पुढ्यात ठेवला. वर तोरण होतंच. धुळीने पार करडं झालंय आता.

मी कप बाजूला सरकवला.

"एक बुटकी मुलगी होती," मी म्हणालो, "जाड चष्मा. फूटपाथच्या मधोमध एक माणूस हात पसरून उभा होता, त्याला चुकवताना ती सरांना धडकली. तो माणूस मी. तिने सरांना काठी उचलून दिली आणि विचारलं, लागलं का. सर म्हणाले, जा, पेपरला उशीर होईल. ती गेली."

नवे गृहस्थ थोडा वेळ वाट बघत राहिले. हसायला तयार ठेवलेला चेहरा तसाच होता. कांतीभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टोव्हकडे वळले. सर चहात बघत होते.

"आणि ती तोरणवाली?" त्यांनी विचारलं.

"ती तिथे नव्हती," मी म्हटलं.